वाण नाही, पण गुण



आजचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. कापसाचा भाव, उन्हाळ्यातले पाणी, मुलांच्या नोकऱ्या हे सारे विषय बाजूला ठेवून कुत्र्याच्या रंगावर तासभर बोलायचे म्हणजे काय! आमची एवढीच विनंती आहे की, हसू थोडे राखून ठेवावे. या लहानशा विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादी जात शुद्ध आहे असे आपण कशावरून म्हणतो, आणि त्या शुद्धतेपायी कोणाचा जीव जातो, हा तो प्रश्न.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण संगतीच्या परिणामासाठी वापरतो. पण तिच्यातला 'वाण' हा शब्द पाहा. येथे वाण म्हणजे रंग. संस्कृतातला वर्ण तो हाच. आणि हाच शब्द आपण कापसाच्या किंवा ज्वारीच्या बियाण्यालाही लावतो. तेथे वाण म्हणजे जात. एका शब्दात रंगही आला आणि जातही आली. माणसाच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत किती जुनी आहे, हे भाषेनेच सांगून टाकले आहे. म्हण रचणाऱ्या कुणब्याला मात्र वाण वेगळा आणि गुण वेगळा हे पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे गावातल्या कुत्र्यांना नावे कशी ठेवतात? काळू, भुऱ्या, कबऱ्या, कपाळावर ठिपका असेल तर चांद्या. रंग हा ओळखीपुरता. तो बरा की वाईट, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. धनजहून कारंजा काही लांब नाही. नृसिंहसरस्वतींचे ते जन्मस्थान, म्हणून दत्तसंप्रदायाची तेथे मोठी मान्यता. दत्ताच्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानतात. घरोघरीच्या तसबिरी नीट पाहिल्या तर पुष्कळ चित्रांत ती चारही एका रंगाची नसतात. एक पांढरे, एक काळे, एक तांबूस अशी दिसतात. चित्रकाराने ते सहज केले असेल. त्यावर कोणाची तक्रार असल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

आता जातिवंत कुत्र्याकडे वळू. मराठी मुलखाला जवळचे असे जातिवंत कुत्रे कोणते, तर मुधोळ हाउंड. मुधोळ हे आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात असले तरी ते घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. त्या घराण्यातल्या मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि तिची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट म्हणून दिली, अशी हकीकत सांगतात. लांब पाय, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड आणि वाऱ्यासारखा वेग. नजरेने सावज हेरायचे आणि पळून गाठायचे, हा त्याचा धर्म. याच कुत्र्याला आपल्याकडे लातूर-सोलापूरच्या बाजूला कारवानी म्हणतात. तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर ती फिरत, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. केसाळ असेल तर त्याला पश्मी म्हणतात. गंमत अशी की, केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब त्यालाच मुधोळ हाउंड म्हणते. ज्याच्या नावावर दोन संस्थांचे एकमत नाही, त्याच्या शुद्धतेवर कसे व्हावे?

आपल्या वाशीम जिल्ह्याला तांड्यांची ओळख करून द्यायला नको. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा देश पालथा घातला, त्यांच्या तळावर रात्री राखण कोण करी? कुत्रेच. अशा फिरत्या माणसांनी कुत्रे निवडले ते कशावरून? जे धावेल, जे भाकरीच्या तुकड्यावर तग धरील, जे रात्री अनोळखी पावलाला भुंकेल, ते ठेवायचे. अंधारात रंग कोणाला दिसतो! म्हणूनच मुधोळच्या आसपासच्या खेड्यांत आजही ही कुत्री पांढरी, बदामी, तांबूस, राखी, काळी आणि या रंगांच्या नाना मिश्रणांची दिसतात. शरीराची ठेवण एक, रंग अनेक.

मग रंगाचा आग्रह शिरला कोठून? आमच्या मते कुत्र्याचे काम संपले, तेव्हा. आपल्या जवळच कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे. हरणामागे ससाण्यासारखे सुटणारे कुत्रे ही एके काळी मालकाची शान होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शान गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण धावणे हीच ज्याची परीक्षा, त्याची परीक्षाच बंद पडली. आता माळरानाऐवजी प्रदर्शनाच्या मांडवात परीक्षा होऊ लागली, आणि मांडवात कुत्रे धावून धावून किती धावणार! तेथे डोळ्याला जे चटकन दिसते त्याला भाव येतो, आणि सर्वांत चटकन दिसतो तो रंग. (काळविटाचेच पाहा. नर लहानपणी बदामी असतो आणि वयात येता येता काळा होतो. निसर्गाने त्याला एका जन्मात दोन रंग दिले. प्रदर्शनाचे परीक्षक असते तर त्यांनी त्याला कोणत्या रांगेत उभे केले असते, कोण जाणे.)

विलायतेत ही गोष्ट आपल्या आधी घडून गेली आहे, तेव्हा तेथल्या दोन-तीन हकीकती सांगतो.

पहिली जर्मन शेफर्डची. आपल्याकडे सर्रास ज्याला अल्सेशियन म्हणतात तेच हे कुत्रे. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ साली या जातीची संस्था काढली आणि होरांड नावाचा कुत्रा वंशावळीत पहिला नोंदवला. या होरांडच्या आजोळी एक पांढरा कुत्रा होता. म्हणजे पांढरा रंग या जातीत बाहेरून आला नव्हता. तो मूळपुरुषाच्या रक्तातच होता. मेंढपाळांना तर पांढरे कुत्रे सोयीचे वाटे, कारण संधिप्रकाशात ते लांडग्यापासून चटकन ओळखू येई. तरी १९३३ मध्ये जर्मनीत पांढरा रंग बाद ठरला. अमेरिकेतही १९६८ पासून पांढऱ्या शेफर्डला प्रदर्शनाच्या रिंगणात मज्जाव झाला. पण काही लोकांनी ती कुत्री सोडली नाहीत. अमेरिकेत जन्मलेला लोबो नावाचा एक पांढरा कुत्रा स्वित्झर्लंडला गेला, तेथे त्याचा वंश वाढला, १९९१ पासून त्या देशाच्या वंशावळ-पुस्तकात पांढऱ्या कुत्र्यांची नोंद होऊ लागली, आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने त्यांना 'पांढरा स्विस मेंढपाळ कुत्रा' म्हणून वेगळी जातच मानले. प्रथम तात्पुरती मान्यता, पुढे २०११ मध्ये कायमची. घरातून हाकललेल्या मुलाने शेजारच्या गावी जाऊन वेगळे आडनाव लावावे आणि तेथे पाटील व्हावे, असा हा प्रकार झाला.

दुसरी हकीकत लॅब्राडॉरची. हे कुत्रे मुळात काळे. विलायतेतल्या 'बेन ऑफ हाइड' या १८९९ साली जन्मलेल्या कुत्र्याची पहिला पिवळा लॅब्राडॉर म्हणून नोंद आहे. त्याचे आईबाप काळे होते. त्यापूर्वी काळ्या जोडीला पिवळी पिले झाली नसतील काय? झालीच असणार, पण ती झाकली जात, नाहीतर नाहीशी केली जात. काळ्या जोडीला पिवळे पिलू झाले की मालक म्हणणार, कुत्री कोठे तरी बाहेर जाऊन आली! बिचारीवर आळ येई आणि पिलाचा जीव जाई.

या आळाचे निरसन मेंडेलच्या सिद्धांताने केले. हा सिद्धांत १८६६ साली छापला गेला आणि चौतीस वर्षे धूळ खात पडून राहून १९०० साली पुन्हा सापडला. प्रत्येक पिलाला रंगाचा एक अंश आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. काही अंश जोरकस असतात, काही दबते. काळ्या कुत्र्याच्या अंगी एक काळा आणि एक पिवळा अंश असला तरी तो काळाच दिसतो. पिवळा आत दबून बसतो, पिढी-दोन पिढ्या नव्हे, दहा पिढ्याही. अशी दोन काळी कुत्री एकत्र आली की चार पिलांमागे सरासरी एक पिवळे निघते. येथे भेसळ नाही, पाप नाही, काही नाही. आजोबांचे डोळे नातवाला यावेत, तितकी ही साधी गोष्ट आहे. तेव्हा विचित्र रंगाचे पिलू झाले म्हणजे रक्त बिघडले, हा समज पुष्कळ वेळा निराधार असतो.

पुष्कळ वेळा, असे आम्ही जपून म्हणतो, नेहमी नव्हे. कारण सगळेच रंग दबून बसणारे नसतात. 'मर्ल' नावाचा एक प्रकार आहे : अंगभर ढगाळ राखी रंग आणि त्यावर फाटक्या कडांचे गडद तुकडे. हा अंश जोरकस आहे, तो सहसा लपत नाही. तेव्हा ज्या जातीत तो कधी दिसलाच नाही अशा जातीत, दोन साध्या रंगांच्या जोडप्याला तो एकाएकी दिसला, तर बाहेरचे रक्त आले असावे अशी शंका घेण्यास जागा आहे. लपणारा रंग कोणता आणि न लपणारा कोणता, एवढे समजल्याशिवाय 'शुद्ध' किंवा 'अशुद्ध' हा शब्द तोंडातून काढू नये.

येथपर्यंत ऐकून आपणास वाटेल की, आम्ही प्रत्येक रंगाची वकिली करायला उभे आहोत. तसे नाही. रंग नुसता केसांत नसतो, ही गोष्ट आता सांगायची आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गर्भात असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि सर्व अंगभर पसरतात. त्यांतल्या काही कानाच्या आतल्या भागात जाऊन बसतात, आणि ऐकण्याच्या यंत्रणेला त्यांची गरज असते. काही कुत्र्यांत या पेशी वाटेतच थांबतात. जेथे पोहोचत नाहीत तेथे केस पांढरे. आणि कानात पोहोचल्या नाहीत, तर जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत तो कान कायमचा बंद होतो. ठिपक्यांचे डाल्मेशियन कुत्रे आपण चित्रपटांत पाहिले असेल. अमेरिकेतल्या तपासण्यांत या जातीची सुमारे ३० टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी आढळली आहेत. आता मौज पाहा, मौज कसली, अन्यायच. काही डाल्मेशियन पिलांच्या अंगावर जन्मतः मोठा काळा डाग असतो, बहुधा कानावरच. अशा पिलांत बहिरेपण कमी असते, कारण रंगपेशी तेथवर पोहोचल्याचाच तो पुरावा. आणि जातीचे नियम काय सांगतात? मोठा डाग असेल तर कुत्रे प्रदर्शनातून बाद! ज्याला ऐकू येण्याचा संभव जास्त, त्यालाच दार बंद.

आपल्या देशातही असेच एक उदाहरण आहे. तमिळनाडूतला राजपालयम हा शुभ्र, गुलाबी नाकाचा देखणा कुत्रा. २००५ साली भारतीय टपालखात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली त्यांत मुधोळ हाउंडबरोबर हाही होता. या जातीत ठिपक्यांची, तपकिरी, काळीही पिले निघतात. पण लोकांना हवी ती शुभ्रच, म्हणून रंगीत पिले नाहीशी करण्याची चाल पडली. शुभ्राची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली आणि या जातीत बहिरेपण आहे हे आता सर्वविदित आहे. राखणीचे कुत्रे, आणि त्याला चोराचे पाऊल ऐकू येत नाही!

मात्र पांढरा रंग सर्वत्र सारखा नसतो, हेही ध्यानात असावे. जर्मन शेफर्डचा पांढरा रंग लॅब्राडॉरच्या पिवळ्याच्या जातकुळीचा. तेथे रंगपेशी सर्वत्र पोहोचलेल्या असतात, त्या फक्त काळा रंग केसात उतरवीत नाहीत. म्हणून त्याचे नाक काळे, डोळे काळे आणि कान शाबूत. म्हणजे जर्मनांनी बाद केला तो पांढरा निरुपद्रवी, आणि दुसरीकडे लोकांनी डोक्यावर घेतला तो पांढरा धोक्याचा. रंगाचे नाव एक, कारण दोन. नियम करणाऱ्यांनी आधी कारण पाहिले असते, तर दोन्हीकडचे नुकसान टळले असते.

मर्लचेही तसेच. एक अंश मर्लचा असेल तर कुत्रे बहुधा धडधाकट असते. पण दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर चारांत एका पिलाला दोन्ही अंश मिळतात, आणि अशी पिले पुष्कळदा आंधळी, बहिरी किंवा दोन्ही जन्मतात. ग्रेट डेन या अजस्र कुत्र्यांत पांढऱ्यावर काळ्या चिंध्यांचा जो प्रसिद्ध रंग आहे, त्याच्या वेतांत साधी मर्ल पिले निघणारच, हे आनुवंशशास्त्राने ठरवून दिलेले आहे. वर्षानुवर्षे त्या पिलांना रिंगणात प्रवेश नव्हता. अखेर २०१९ पासून अमेरिकेत हा रंग प्रदर्शनाला चालू लागला. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. रंग मान्य केला म्हणजे मर्लशी मर्ल जोडायची परवानगी दिली असे होत नाही. उलट रंग लपवायचे कारण उरले नाही की, जोडी लावताना खरे सांगण्याची सोय होते.

आणखी एक धोका आहे, तो नव्या काळाचा. पूर्वी वेगळ्या रंगाचे पिलू मारीत. आता त्याचा दुप्पट भाव सांगतात. 'दुर्मिळ रंग' अशी जाहिरात केली की शहरातला माणूस खिशात हात घालतो. मग तोच रंग मिळावा म्हणून जवळच्या नात्यातली जोडी लावतात, आणि रंगाबरोबर घराण्यातले रोगही पक्के होतात. विलायतेत ३३,००० हून अधिक लॅब्राडॉरच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चॉकलेटी लॅब्राडॉरचे मध्यम आयुष्य १०.७ वर्षे भरले, इतर रंगांच्यांचे १२.१, आणि कानांचे व कातडीचे विकार चॉकलेटीत जास्त. तपकिरी रंग स्वतः विषारी आहे असे यावरून निघत नाही; त्या एका रंगाच्या हव्यासाने निवडीचे वर्तुळ आवळत गेले, हे कारण अधिक संभवनीय दिसते. मारणे आणि मिरवणे ही दोन टोके दिसतात खरी, पण दोन्हींत पाहिला जातो तो कातडीचा रंग. कुत्र्याकडे कोणी पाहतच नाही.

मग शहाणपणाची वाट कोठे आहे? ती शोधायला विलायतेला जायला नको. लातूर जिल्ह्यात देवणीला जावे. देवणी गोवंशात तीन रंगप्रकार आहेत आणि शेतकऱ्यांनी त्यांना नावे दिली आहेत. अंग पांढरे आणि तोंड काळसर ती वानेरा. पांढऱ्यावर खालच्या बाजूस काळे ठिपके ती बाळंक्या. आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग ती शेवेरा. तिन्ही देवणीच. शेवेऱ्याचा मालक वानेऱ्याच्या मालकाला अशुद्ध म्हणत नाही. दूध, ओढ आणि बांधा पाहून व्यवहार होतो. आपल्या पोळ्यात बैल सजवताना रंगाचे कौतुक आपणही करतोच की. शिंगांना बेगड लावतो, अंगावर ठसे उठवतो. पण दुसऱ्या दिवशी तिफणीला जुंपायचा तो खांदा पाहूनच.

हे आता सांगण्याचे कारण असे की, आपल्या देशी कुत्र्यांच्या बाबतीत लेखणी सध्याच चालली आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२० च्या सुमारास राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या जातींची नोंद केली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात देशी कुत्र्यांचा उल्लेख केला आणि मुधोळचे नाव घरोघरी गेले. मागणी वाढली की वर्णन घट्ट होऊ लागते. आज जे कागदावर उतरेल ते पन्नास वर्षे पुसले जाणार नाही. कोणी हौशी माणूस उद्या म्हणेल, मुधोळ म्हणजे अमुकच रंगाचा. मग बाकीच्या रंगांच्या पिलांचे काय होईल ते आपण पाहिलेच आहे. या जातींची संख्या मुळात मोठी नाही. त्यातून रंगासाठी निम्मी बाजूला सारली तर उरलेली आपसातच नाते जोडीत बसणार. तेव्हा वर्णनात छाती, पाठ, पाय, चाल, स्वभाव यांवर काय लिहायचे ते लिहावे. रंगाच्या रकान्यात जेवढे रंग खेड्यांत खरोखर दिसतात तेवढे सगळे लिहावेत. आणि बंदी घालायचीच तर ती ज्या रंगामागे बहिरेपण किंवा आंधळेपण सिद्ध झाले आहे त्याच्या जोडीवर घालावी, जन्मलेल्या पिलावर नव्हे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण सभेत पिलू पाळण्याचा विचार असलेले कोणी ना कोणी असेलच. पिलू घ्यायला जाल तेव्हा रंग आवडला म्हणून घ्या, त्याला आमची हरकत नाही. पण आधी त्याचे आईबाप पाहायला मागा आणि दोघांचे आपसात नाते काय ते विचारा. पिलू पुष्कळ पांढरे असेल, डोळे निळे असतील, तर कान तपासा. मोठ्या शहरांतल्या काही पशुवैद्यकीय संस्थांत मेंदूकडे जाणारी ऐकण्याची लहर यंत्रावर मोजतात. पाच आठवड्यांच्या पुढे ही तपासणी करता येते. ती सोय नसेल तर पिलाला भावंडांपासून वेगळे करा, कारण दुसरे पिलू वळले की बहिरेही त्याच्याबरोबर वळते आणि आपली फसगत होते. ते झोपले असता पाठीमागून थाळी वाजवा; पण जमिनीवर पाय आपटू नका, हादरा त्याला कळतो. दोन-तीन दिवस, निरनिराळ्या वेळी करून पाहा. दोन्ही कान गेले असतील तर एवढ्याने कळेल. एकच कान गेला असेल तर घरच्या घरी कळणार नाही, तेथे यंत्रच हवे; मात्र एका कानाचे कुत्रेही घराची राखण उत्तम करते. त्याची जोडी मात्र लावू नये.